काळा विनोद, गुन्हेपट आणि अपंग पात्रं : लिहिताना-शूट करताना नेमकं काय चुकतं?

पळसफूल (धागाकर्ता)

गावाकडच्या लघुपटांत गुन्ह्याची गमतीदार गोष्ट आली की एक लंगडा, एक तोतरा आणि एक बहिरा ठरलेलाच असतो. तो आला की हशा, पडला की मोठा हशा, आणि शेवटी तो सोंग करत होता असं उघडं पडलं की टाळ्या. हा साचा मोडायला नुसती सहानुभूती पुरत नाही. पात्र कोणत्या साधनावर उभं आहे, ते साधन कसं चालतं आणि कुठं अडतं, हे लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे. काळ्या विनोदात हसू येतं ते योजना फसते तेव्हा. योजना फसण्याचं कारण खरं असलं की हसू योजनेवर जातं. ते कारण ओढूनताणून आणलं की हसू माणसाच्या शरीरावर येऊन पडतं.

चर्चा हवेत जाऊ नये म्हणून एक कच्ची गोष्ट देतो. सगळ्यांनी हिच्यावरच बोलावं.

यवतमाळकडचं एक जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना), कापसाचा हंगाम, गल्ल्यात रोकड. तिघं मिळून ती उडवतात. शशिकला, वय ४४, बचतगटाचा हिशेब ठेवते, डाव्या पायाला पोलिओ, कॅलिपर लावते. तिचा पुतण्या गज्या, जन्मापासून बहिरा, ट्रॅक्टर चालवतो. तिसरे दौलतबुवा, पूर्ण अंध, भजनात खंजिरी वाजवतात. मागावर नवीन बदलून आलेला ठाणेदार. तिघांपैकी कोणीही बिचारं नाही, आणि तिघंही लबाड आहेत.

यात कुठं काय चुकेल?

दोन_काठ्या

शशिकलाचं वय बरोबर धरलंत. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग, म्हणजे आपला देशही, पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळं आजच्या गोष्टीत १० वर्षांचं पोलिओचं पोरगं दाखवलं की जाणकार प्रेक्षक तिथंच उठतो. तरुण पात्राला लंगडतं दाखवायचंच असेल तर पूर्व विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) हे खरं कारण आहे. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, खुबा झिजतो, आणि विशीतच चाल बिघडते. पण मग दुखण्याचे झटके, पाणी कमी पडलं की वाढणारा त्रास, हे सगळं पात्रासोबत येतं. नुसतं लंगडणं उचलून चालणार नाही.

आता कॅलिपर. मांडीपासून बुटापर्यंत दोन बाजूंना दोन लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, खालची टोकं बुटाच्या टाचेत बसवलेली. गुडघ्याशी दोन्ही पट्ट्यांना बिजागरी आणि तिच्यावर सरकणारी कडी. पाय सरळ झाला की कडी आपल्या वजनानं खाली पडते आणि गुडघा जाम होतो. बसायचं असलं की दोन्ही कड्या हातानं वर ओढायच्या, मग पाय दुमडतो. उभं राहताना उलट: पाय सरळ, खट्, आणि लगेच दुसरा खट्.

हा दुसरा खट् तुमच्या गोष्टीचा जीव आहे. एकच कडी पडली आणि दुसरी अर्धवट राहिली तर गुडघ्यावर भरवसा नाही. वजन टाकलं की तो दगा देऊ शकतो. साडीत तर निऱ्यांचा काठ कडीखाली सापडतो. गल्ल्याच्या खोलीत ती खुर्चीवर बसून तिजोरी उघडते आहे, बाहेर चौकीदाराची चाहूल, ती उठते. एक खट्. प्रेक्षक दुसऱ्याची वाट बघतो. तो येत नाही. कॅमेरा गुडघ्यावर न्या: अंगठा आणि तर्जनी साडीवरूनच कडी चाचपतात, काठ अडकला आहे, ती श्वास रोखून एका झटक्यात कापड ओढते. खट्. इथं हसू येईल आणि घामही फुटेल, आणि बाई कुठंही केविलवाणी झालेली नसेल.

नेहमीच्या चुका सांगतो:

कड्या लागलेल्या असताना नट गुडघा वाकवून चालतो. पाय सरळच राहतो. कंबर उचलून किंवा पाय बाहेरून फिरवून पुढं आणावा लागतो.

काठी दुबळ्या पायाच्या बाजूला धरतात. एकच काठी असेल तर ती विरुद्ध हातात असते. डावा पाय दुबळा तर काठी उजव्या हातात.

कॅलिपर नसलेला पोलिओचा माणूस प्रत्येक पावलाला हातानं मांडी दाबून गुडघा मागं रेटतो. ही चाल गावात सगळ्यांनी पाहिलेली आहे, पण पडद्यावर ती क्वचितच दिसते.

मोटारसायकलवर मागं बसताना कड्या सोडल्या नाहीत तर पाय बाहेर आडवा राहतो.

वऱ्हाडी_पाना

भाऊ, शशिकलाबाईले गाडी कोणती देता ते आधी ठरवा. साइडचाकाची स्कूटी देत असान तर तिची खोड सांगतो. पांधनीत बंडीच्या चाकोरीत मधलं चाक उतरलं अन् दोन्ही साइडचाकं काठावर टेकली का मधलं चाक अधांतरी राह्यते. मंग कितीही पिळा, चाक हवेतच फिरते, गाडी जागची हालत नाई. उतरून ढकलाव म्हनलं तर कॅलिपर. मांगून एकजनानं साइडचाकाची दांडी उचलली तरच निंघते. पाठलाग इथं थांबवा, पेट्रोल संपवू नका.

अन् हातानं फिरवाची तीनचाकी सायकल देत असान तर तिचा फेरा मोठा राह्यते, अरुंद बोळीत एका दमात वळत नाई. काळ्या मातीच्या गाऱ्यात तर चाक अन् मडगार्डाच्या मधात माती गच्च बसते, काडीनं काढल्याशिवाय चाक फिरत नाई. दहा पावलाले एकदा काढा लागते.

पळसफूल

पाना भाऊ, स्कूटीच घेतो. मुख्य चाक अधांतरी फिरतं हा पाठलागाचा शेवट कागदावर आला.

खुणांची_भाषा

गज्याबद्दल. तो गावातच राहिला, बहिऱ्यांच्या शाळेत गेला नाही, असं धरलं तर त्याला भारतीय सांकेतिक भाषा येणार नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश २०२१ मध्ये आला. नट बसवायला तो उपयोगी आहे, पण गज्या बोलेल त्या घरच्या खुणा. त्या घरातल्या दोन-चार माणसांनाच कळतात. इथं तुमच्या गोष्टीला सोन्यासारखा प्रसंग मिळतो: ठाणेदार गज्याला पकडतो, त्याचं काही कळत नाही, दुभाषी म्हणून गावकरी एकाच बाईचं नाव सांगतात, आणि ती म्हणजे शशिकला. गुन्ह्यातली भागीदारच जबाब सांगणार. ही युक्ती ठाण्यापर्यंतच टिकते हेही ध्यानात ठेवा. कोर्टात खुणांनी साक्ष घेताना दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी लागते आणि त्या साक्षीचं चित्रीकरण होतं. तिथं तिचं उघडं पडेल.

दुसरा मुद्दा अंधाराचा. चोरी रात्रीची, लाइन गेलेली. ऐकणारे दोघं कुजबुजतात. गज्याला मात्र अंधारात काहीच सांगता येत नाही. टॉर्च हातात धरली तर एका हाताच्या खुणा बंद. दातात धरली तर हात मोकळे, पण उजेड समोरच्याच्या डोळ्यांवर आणि सांगणाऱ्याचा चेहरा काळोखात. खुणांच्या भाषेत निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं: भुवया उचलल्या की प्रश्न, मान हलली की नकार. चेहरा न दिसता 'गाडी काढ' आणि 'गाडी काढू का?' यांतला फरकच जातो. गज्या गाडी काढतो. बाकी दोघं अजून आतच.

कॅमेरा : कंबरेपासून डोक्यापर्यंत चौकट ठेवा, दोन्ही हात आत. खांद्यामागून घेतलेल्या दृश्यात हात कापले जातात. खूण अर्धी असताना कट मारला की वाक्य तुटतं; संकलकाच्या शेजारी खुणा जाणणारा माणूस बसवा. ओठ वाचून सगळं कळतं हा सिनेमानं पसरवलेला गैरसमज आहे. 'प', 'ब' आणि 'म' ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात: 'पाणी' आणि 'बाणी' ओळखू येणार नाहीत. त्यात समोरच्याच्या तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखू) असला तर विषयच संपला.

कानात यंत्र द्यायचं असेल तर लक्षात ठेवा, त्यावर हात किंवा उशी आली की ते शिट्टी मारतं. लपलेल्या माणसाला पकडून द्यायला ही शिट्टी पुरते.

कात्री

सगळं मान्य. पण एवढ्या तपशिलात विनोद गुदमरणार नाही का? तोतरं बोलणारं पात्र ठेवलं तर लोक हसणारच, तिथं काय करणार?

पळसफूल

कात्री दादा, १९८८ चा 'अ फिश कॉल्ड वाँडा' याच प्रश्नावर घेऊ. हिऱ्यांच्या चोरीची विनोदी गोष्ट. त्यात मायकल पॅलिननं केन नावाचं तोतरं पात्र केलंय. ऐन वेळी त्याच्याकडून हॉटेलचं नाव काढून घ्यायचं आहे, विचारणाऱ्याला घाई, आणि नाव काही बाहेर येत नाही. त्या प्रसंगात घाई करणाऱ्याचीच फजिती जास्त होते, हे त्यातलं चांगलं. पण त्याच चित्रपटात दुसरं एक पात्र केनच्या तोंडावर त्याची नक्कल करत राहतं, आणि तोतरं बोलणाऱ्यांच्या संघटनांनी चित्रपटावर आक्षेप घेतला होता. पॅलिनचे वडील स्वतः तोतरं बोलायचे. पुढं १९९३ मध्ये लंडनला अशा मुलांसाठी केंद्र निघालं, त्याला पॅलिनचंच नाव आहे. आक्षेप आणि आस्था दोन्ही एकाच चित्रपटातून निघाल्या, म्हणून लिहिणाऱ्यानं हा प्रसंग नीट अभ्यासावा.

तांत्रिक चूक इथं एकच आणि मोठी: नट प्रत्येक शब्दाला 'क-क-क' करतो. प्रत्यक्षात तीन प्रकार असतात: अक्षर पुन्हा पुन्हा येणं, अक्षर लांबणं, आणि आवाजच न फुटता अडून राहणं. तिसऱ्यात तोंड उघडं, गळा ताठ, आणि शांतता. तो सर्वांत कमी दाखवला जातो. बहुतेक वेळा अडतं ते शब्दाच्या सुरुवातीला. स्वतःचं नाव हमखास अडतं, कारण त्याला पर्यायी शब्द नसतो. बाकीच्या शब्दांना माणूस वळसा घालतो: 'पोलीस' अडत असेल तर 'खाकीवाले' म्हणतो. गाताना आणि सगळ्यांसोबत एका सुरात म्हणताना बहुतेकांचं अडत नाही. भजनी मंडळाच्या गोष्टीत हे किती कामाला येईल बघा.

खुणांची_भाषा

२०१४ च्या 'फार्गो' मालिकेतही भाडोत्री मारेकऱ्यांची जोडी आहे, त्यातला एक बहिरा. ती भूमिका रसेल हार्वर्ड या बहिऱ्या नटानं केली. दोघं भर लोकांत खुणांनी बोलतात, बाकीच्यांना पत्ता नाही. तिथं माहितीची सत्ता बहिऱ्या माणसाकडं आहे. हंगेरीचा २०१६ चा 'किल्स ऑन व्हील्स' तर पूर्ण याच विषयावर: चाकाच्या खुर्चीवरचा मारेकरी आणि त्याचे दोन तरुण साथीदार. त्या दोन तरुणांच्या भूमिका प्रत्यक्षात अपंग असलेल्या नटांनी केल्या.

दोन_काठ्या

सोंगाबद्दलही बोला. 'अपंगत्व खोटं निघतं' हा धक्का १९९५ च्या 'द युज्वल सस्पेक्ट्स'पासून इतका वापरला गेलाय की आता प्रेक्षक लंगडणारा दिसला की त्याच्यावरच संशय घेतो. आणि तोच संशय मग एसटीत सवलतीचं कार्ड दाखवणाऱ्या खऱ्या माणसावर येतो. २०१८ च्या 'अंधाधुन'मध्ये आंधळ्याचं सोंग आहे, पण ते प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळतं, आणि सोंग करणाऱ्यालाच ते महागात पडतं. फसवणूक दाखवायची तर खोट्या प्रमाणपत्रांची दाखवा. सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते, आणि खोटेपणानं लाभ घेतल्यास दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या धंद्यात गुन्हेगार धडधाकट असतो, आणि रांगेत ताटकळतो खरा अपंग. काळ्या विनोदाला याहून चांगली जागा नाही.

नियमावली

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ९२ : लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान केल्यास ६ महिने ते ५ वर्षे कैद आणि दंड. सर्वोच्च न्यायालयानं ८ जुलै २०२४ च्या निकालात एका हिंदी चित्रपटाच्या निमित्तानं दोन प्रकारचे विनोद वेगळे केले: अपंगत्व समजून घ्यायला लावणारा आणि अपंग माणसाला कमी लेखणारा. चित्रपटाला कात्री लावायचा आदेश न्यायालयानं दिला नाही. मात्र दाखवलेली वैद्यकीय अवस्था तपासून घ्या, आणि अपंग व्यक्तींना निर्मितीत सहभागी करून घ्या, असं स्पष्ट सांगितलं.

शब्दांबाबत : कायद्यात 'दिव्यांग', गावात 'अपंग', आणि रागात त्याहून वाईट. खलपात्र 'लंगडे' म्हणू शकतं. श्रेयनामावलीत, जाहिरातीत आणि पोस्टरवर पात्राला त्याच्या नावानंच ओळख द्या.

खंजिरी

दौलतबुवांना नोटा मोजू द्या. नव्या मालिकेच्या १००, २०० आणि ५०० च्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०. म्हणजे प्रत्येक पायरीला ४ मिलिमीटर. गड्डी डाव्या कडेला ठोकून सारखी करायची आणि उजव्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. जिथं पायरी लागली तिथं नोट बदलली. शिवाय कडेला उठावाच्या तिरप्या रेघा आहेत: १०० ला ४, २०० ला ४ आणि मध्ये दोन गोल, ५०० ला ५. पण बाजारात फिरून मऊ झालेल्या नोटांचा उठाव बसतो. घामट बोटांना तर तो लागतच नाही. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप २०२० पासून आहे, पण ते कॅमेऱ्यानं नोट ओळखून मोठ्यानं बोलतं. मध्यरात्री कोठ्यात, बैलांच्या शेजारी बसून वाटणी चाललेली, आणि फोन एकेक नोट जाहीर करतो आहे!

आता बघा, डोळस शशिकला अंधारात मोजताना २०० च्या नोटा १०० मध्ये घालते, आणि बुवा नखानं चूक पकडतात. अंगात दैवी शक्ती नको, कान तिखट नकोत. ४ मिलिमीटर पुरतात.

पांढऱ्या काठीचं : लांब काठी उभी धरली तर छातीच्या हाडापर्यंत येते. उजवा पाय पुढं तेव्हा टोक डावीकडं, डावा पुढं तेव्हा उजवीकडं. कमान खांद्यांपेक्षा जराशी रुंद. नट नेमकं उलटं करतात आणि काठी पायात घेतात. नजर शून्यात लावून बसू नका. बोलणाऱ्याकडं तोंड वळवणं पुष्कळ अंध माणसं सहज करतात.

झाडीचा_पडदा

ही गोष्ट वडशाकडच्या (गडचिरोली, झाडीपट्टी) एखाद्या नाटक मंडळीला रात्रभराच्या नाटकासाठी करता येईल. अडचण मंचाची. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ ला १२ धरतात. मंच ४ फूट उंच असेल तर ४८ फुटांचा उतार लागतो, धानाच्या बांधीत तो कुठं मांडणार? मंचच दीड फुटावर आणा. १८ फूट उतार पुरतो, दोन बाजूंना कठडा आणि फळ्यांवर काथ्याची चटई. नावापुरत्या उतारावरून चौघांनी खुर्ची उचलून न्यायची पद्धत बंद करा, त्यात खुर्चीवरचा नट पडतो.

अंध नटाला जागा कळावी म्हणून सतरंजीखाली काथ्याची जाड दोरी आडवी टाकून चिकटवा. पायाला लागली की थांबायचं. बहिऱ्या नटाला 'ॲक्शन' हातानं नको, दिव्यानं द्या: समोरचा छोटा दिवा एकदा लुकलुकला की सुरू.

दोन_काठ्या

शूटिंगचा महिना नीट निवडा. मणक्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, त्यामुळं शरीर थंडच होत नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा नटाला दुपारी उन्हात बसवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. सकाळी १० च्या आत काम आटोपा, पाण्याची फवारणीची बाटली आणि ओलं फडकं मानेवर. दर अर्ध्या तासाला बूड उचलायला एक-दोन मिनिटं द्या, नाहीतर चट्टे पडतात आणि ते भरायला महिने लागतात. संडास जवळ आहे की नाही हे जागा ठरवतानाच पाहा. कृत्रिम पायाच्या नटाला मोजे बदलायला वेळ हवा. घामानं पाय साच्यात वर-खाली सरकला की कातडी सोलते.

वऱ्हाडी_पाना

जिनिंगमधी शूट करत असान तर हॅलोजन नाई लावाचा. कापसाची धुन तापल्या काचेवर बसली का पेट घेते. एलईडीच. बिडी-दिव्याचा सीन सरकीपासून दूर, दुसरीकडं घ्या.

पळसफूल

शेवटाचं अडलंय. ठाणेदाराला माग मिळावा, पण त्याचा अंदाज चुकावा.

दोन_काठ्या

माग पायातच आहे, भाऊ. लहानपणी पोलिओ झालेला पाय वाढीत मागं राहतो. डावा बूट दोन नंबरनं लहान, म्हणून दोन वेगळ्या मापांचे जोड विकत घ्यावे लागतात आणि एकेक बूट वाया जातो. जिनिंगच्या हौदाजवळ ओल्या मातीत ठसे उमटतात: उजवा मोठा, डावा लहान, लहान ठशाची टाच खोल आणि पुढं ओढल्याची रेघ. ठाणेदार म्हणतो, चोर दोन, एक गडी आणि एक पोरगं, दोघं एकाआड एक उडी मारत गेले. शिपाई त्याच्या सांगण्यावरून तशा उड्या मारून दाखवतो. शेजारी दुभाषी म्हणून बोलावलेली शशिकला बाकावर बसून हे सगळं बघते आहे, पाय सरळ पुढं.

पळसफूल

आणि तिला उठायला सांगितलं जातं.

दोन_काठ्या

हो. मायक गुडघ्याजवळ ठेवा, साडीच्या आत, पट्टीपासून वीतभर दूर. पट्टीला चिकटवला तर नुसती घरघर येईल. दोन्ही खट् वेगवेगळे रेकॉर्ड करून ठेवा. उठायच्या आधी तिची नजर खाली आपल्याच बुटांकडं जाऊ द्या, आणि मग शिपायाच्या उड्या थांबू द्या.